तर्री सरांचा पडदा

पांढरकवड्यात काही वर्षं समुद्र होता. कोणाला पटत नाही, पण होता. आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. बोअरचं पाणी, किराणा दुकानातलं खडेमीठ आणि वरून हायवेवरच्या ढाब्यातल्या रश्श्याची लालभडक तर्री. सर हा समुद्र रोज सकाळी स्वतः कालवायचे, बोट बुडवून चाखायचे, डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे आणि सांगायचे, "आज अरबी जमला." मीठ जास्त पडलं की तोंड कसंनुसं करून, "आज मृत समुद्र झाला बाप्पा. बादलीभर पाणी टाक." खरा समुद्र ह्या माणसानं जन्मात पाहिला नव्हता. कॉलेजची सहल कोकणात गेली तेव्हा सगळा स्टाफ गेला, हे गेले नाहीत. म्हणाले, "मले कायले पाह्यचा? माह्या खोलीत आहे ना."

पोट्टे त्यांना तर्री सर म्हणायचे. मागे नाही, तोंडावर म्हणायचे, आणि सर ओ द्यायचे.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि मग त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे तो हळहळेल, ज्याला माहीत नाही त्यानं देवाचे आभार मानावेत. मी दारव्ह्याकडच्या कास्तकाराच्या घरची, तोंडानं फटकळ. स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी फारसं बोलत नसे, सरांशीही बोलत नसे, म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो.

सरांचं काम काय होतं ते एकदाच सांगते. जमिनीतून खनिज तेल काढतात तेव्हा त्याच्यासोबत खारं पाणीही भल्लं वर येतं. ते दोन्ही वेगळं करायला बारीक छिद्रांचा पडदा लावतात. पाणी पलीकडे जातं, तेल अलीकडे राहतं. इथवर ठीक. पण थोड्या वेळानं तेल त्या पडद्यालाच चिकटतं, छिद्रं बुजतात आणि पडदा बसतो. ह्या चिकटून बसण्याला फाउलिंग म्हणतात. सरांना असा लेप हवा होता की तो पडद्याला लावला म्हणजे तेलानं चिकटायचं नावच घेऊ नये. आता यवतमाळ जिल्ह्यात ना समुद्र ना तेलाची विहीर. इथं कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "मंग? चंद्राचा अभ्यास करणारे काय चंद्रावर राह्यतात?" फटकळ माणसाला गप्प करणारा तो एकच माणूस मी पाहिला.

वर्गात ते हा लेप शिकवायचे तेव्हा मात्र कॉपी करून पास होणारा पोट्टाही मान वर करायचा. "एस्टी फलाटावर लागली. तू काय करते? खिडकीतून सीटवर दुपट्टा टाकते. मंग दुसरा कोणी आत आला की दुपट्टा पाह्यते अन् म्हणते, च्या मायले, इथं तर कोणी बसलं आहे, आन् पुढं जाते. बरोबर? आपल्या लेपाले पाण्याची भारी माया आहे. तो पाण्याले धरून ठेवते. पाण्यानं सीटवर दुपट्टा टाकला आहे. तेल येते, पाह्यते, आन् घसरून जाते. फक्त एक ध्यानात ठेवा लेकहो, पडदा ओला पाह्यजे. वाळला की दुपट्टा उचलला गेला. मंग तेल असं बसते का दिल्लीपर्यंत उठत नाही."

परीक्षेत ह्या प्रश्नाच्या उत्तरात अर्ध्या वर्गानं एस्टी लिहिली होती. सरांनी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.

त्यांच्या खोलीतून दिवसभर दोनच शब्द ऐकू यायचे. ओल्या पडद्यावर तेलाचा थेंब सोडायचा, पडदा तिरपा करायचा. थेंब गोळी होऊन ओघळला की सर ओरडायचे, "घसरलं!" तो आवाज पार ऑफिसपर्यंत जायचा आणि फी भरायला आलेले पालक दचकायचे. आणि थेंब चिकटला, की आतून अगदी बारीक, सुतकी आवाज यायचा, "टिकलं." मग त्या दिवशी सरांकडे कोणी रजेचा अर्ज घेऊन जायचं नाही. वर्षानुवर्षं त्या खोलीत 'टिकलं' जास्त आणि 'घसरलं' कमी, असंच चालू होतं.

तर्रीचं म्हणाल तर ती फुकट यायची. हायवेवर ट्रकवाल्यांचा एक ढाबा होता. सर तिथं दुपारी काचेची बाटली घेऊन जायचे, काही न खाता रश्श्याच्या गंजात वाकून पाहायचे, चमच्यानं वरचं तेल उचलून उजेडात धरायचे आणि मालकाला विचारायचे, "कोणतं तेल वापरता?" मालक घाबरून उभा राहायचा. त्याची खात्री झाली होती की हा माणूस अन्नतपासणीवाला आहे. तो बाटली भरून द्यायचाच, वर सरांच्या पिशवीत पापड आणि बुंदीचा पुडा टाकायचा. सर मला कौतुकानं सांगायचे, "सायन्सची कदर पाह्यची असन तर ट्रक लाइनीत जा पोरी. कॉलेजात नाही." मी खरं काय ते सांगितलं नाही. बुंदी चांगली असायची.

लेपासाठी त्यांनी काय काय वापरलं! आधी भेंडी. तिचा बुळबुळीत रस पाण्याला धरून ठेवतो म्हणून. स्टाफपैकी कोणी डब्यात भेंडी आणली की सर डब्यावर उभे राहायचे, "ह्याच्यातली बिनतेलाची आहे का एखादी?" मग जवस, मग सब्जा. शेवटी धावड्याचा डिंक. आमच्याकडच्या जंगलात तो मिळतो, आठवडी बाजारात येतो. सर दर बाजारी पिशवी भरून डिंक घ्यायचे.

आता डिंक माणूस कशाला घेतो? बाळंतिणीच्या लाडवाला. एखाद्या बाजारी घेतला, ठीक. हा पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर दुपट्टा टाकलेला माणूस दर बाजारी घेऊन राह्यला, पावसाळ्यात, उन्हाळ्यातसुद्धा. बायाबायांत कुजबूज सुरू झाली. काकू, म्हणजे सरांच्या बायको, एकदा बाजारात गेल्या तर ओळखीपाळखीच्या दोघी त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सांभाळून राह्य व माय. ह्या वयात लय जपा लागते." काकूंची पोरगी पुण्याला नांदत होती, नातू शाळेत जात होता. काकू भाजी न घेता घरी आल्या आणि पिशवीतला डिंक उचलून त्यांनी मोरीत ओतला. मोरी तुंबली. सर तुंबलेल्या मोरीपुढे उकिडवे बसून बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "पाणी किती धरून ठेवलं पाह्य." धावड्याचा डिंक हाच आपला लेप, हे त्यांना तिथं समजलं. तुंबलेली मोरी पाहून आनंदानं हसणारा दुसरा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

माणसांनाही ते पडद्यासारखंच पारखायचे. आमचे प्राचार्य एक गुळगुळीत गृहस्थ होते, त्यांना कोणी काहीही बोलो, त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. सर त्यांच्याकडे आदरानं पाहायचे. "ह्या माणसाले काहीच चिकटत नाही. कोणता लेप लावते, इचारून पाह्य बरं." आणि माझ्याबद्दल म्हणायचे, "तू मात्र पहिल्या थेंबातच बसते. कोणी जराक बोललं की आठ दिवस धरून ठेवते." खोटं काय सांगू, ते बरोबरच होतं.

मग एका उन्हाळ्यात सरांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, नळी घालून शीर मोकळी केली. डॉक्टरनी आत काय झालं होतं ते स्क्रीनवर दाखवलं, तर सर झोपल्या झोपल्या म्हणाले, "फाउलिंग आहे." डॉक्टरांना वाटलं ग्लानीत आहेत. सोडताना त्यांनी बजावलं, तेल बंद.

तेल बंद म्हणजे काकूंच्या स्वयंपाकावर बंदी. काकूंच्या रश्श्याला बोटभर तर्री असायची, त्यांच्या माहेरी तिला मान होता. त्यांनी बिचाऱ्यांनी तेल कमी केलं, पण सरांना ते फिक्कं जेवण जाईना. त्यांनी काय करावं? नाही नाही, तुम्हाला सुचणारच नाही. ते पडद्याची चकती बसवलेलं काचेचं नरसाळं घेऊन जेवायला बसले. म्हणाले, "तू आपला नेहमीसारखा कर. तेल मी वर काढतो." आणि पंगतीत बसल्यासारखे गंभीर चेहऱ्यानं ते वांग्याचा रस्सा नरसाळ्यात ओतून थेंब थेंब गळायची वाट पाहत राहिले. पुण्याची लेक, जावई, नातू समोर बसले होते. नातवानं विचारलं, "आजोबा, हे काय?" सर म्हणाले, "आजीच्या हातचं शुद्ध करून राह्यलो."

संपलं. काकू पानावरून उठल्या. "माह्या हातच्या भाजीले गाळणी लावता? लोकं चहाले लावतात!" त्या दिवसापासून काकूंनी त्या पडद्याचं नाव टाकलं. कॉलेजच्या रस्त्यावरून जायची वेळ आली तर त्या पलीकडच्या बाजूनं जायच्या. सरांचा डबा मी घ्यायला जायची, तर माझ्या हातात देताना म्हणायच्या, "हा माह्या सवतीच्या खोलीत नेऊन दे."

अशात सरांची निवृत्ती आली. संस्थेनं सांगितलं, निवृत्त झालात की खोली सोडा, तिथं योगा कक्ष करायचा आहे. सर कधी कोणाकडे काही मागायला गेले नव्हते, त्या वेळी गेले. प्राचार्यांच्या टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "पगार नको. फक्त खोली राहू द्या. माहा ड्रम कुठी नेऊ?" त्यांना बसायला सांगितलं नाही, हे मी दारातून पाहिलं आणि तेव्हापासून ते प्राचार्य माझ्या डोक्यात बसलेत. शेवटी ठरलं असं, की बाहेरून समिती येईल, सरांचा पडदा चालताना पाहील. पडदा चालला तर खोली सरांची, हयातभर. बसला तर योगा. समितीचा दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आणि गंमत अशी की त्याच सुमाराला एक पडदा जमला. खरोखरच जमला. एक कोलाम आदिवासी म्हातारी बाजारात कधीतरी डिंक घेऊन यायची, तिच्याकडचा वेगळ्याच रंगाची ढेप सरांनी घेतली होती. त्या डिंकाचा लेप घट्ट करायला, सुकू न देता मुरवायला महिन्याच्या वर गेला. मग कूलरच्या पंपानं ड्रमातलं पाणी त्यातून फिरवायला लागलो. एरवी दुसऱ्या दिवशी बसणारा पडदा बसेचना. आठवडा गेला, पुढचा गेला. पाणी स्वच्छ, पडदा पांढरा फेक. खोलीतून दिवसभर "घसरलं! घसरलं!" ऑफिसातले लोक वैतागले. त्या डिंकाचा दुसरा पडदा करावा म्हणून आम्ही दर बाजारी म्हातारीला शोधलं, ती पुन्हा आली नाही. तेव्हा होता तो एकच. सर त्याला पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि जाता येता पाण्याचा हात फिरवायचे. लेकीच्या पाठवणीआधी बाप पोरीच्या आसपास घुटमळतो, तसं चाललं होतं त्यांचं.

नवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा करतात. सर आपल्या खोलीत हार-फुलांना येऊ द्यायचे नाहीत, तेल-तूप नको म्हणून. त्या दिवशी मी आणि सर पंप पुसत होतो आणि दारात काकू उभ्या. ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, ताटात झेंडू, अक्षता, पेढे. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा आल्या होत्या. ड्रमाकडे पाहून त्यांनी नाकाला पदर लावला.

सर म्हणाले, "तू? इथं?"

"मंग काय करू? रातभर इकडून तिकडं कूस बदलता. मी कळंबच्या चिंतामणीले जाऊन आली. आता पूजा करून जाते, मंग बसा तुमच्या ड्रमापाशी." आणि मला म्हणाल्या, "याच्यात मेन पार्ट कोणता व?"

सरांचा चेहरा असा उजळला! त्यांनी दोन्ही हातांनी ट्रेमधून पडदा उचलला, बाळ दाखवतात तसा पुढं धरला. "हा. सगळी मेहनत याची."

काकू व्यवहारी बाई. लोखंडी यंत्रावर कोरडं कुंकू राहत नाही, पाण्यातलं वाळून झडतं, म्हणून त्यांनी ते घरूनच गोडेतेलात चांगलं घट्ट कालवून आणलं होतं. अनामिकेनं बोटभर उचललं आणि पडद्यावर स्वस्तिक काढायला घेतलं.

पहिलीच रेघ गोळा झाली आणि पडद्यावरून ओघळून खाली फरशीवर पडली. पडद्यावर डागसुद्धा नाही.

"घसरलं!" सर ओरडले. "अवो, घसरलं! कुंकू घसरलं! एवढं दाट तेल, वरून भुकटी, तरी घसरलं! पोरी, पाह्यलं का? असं तर आपण कधी करूनच नव्हतं पाह्यलं! पुन्हा लाव, पुन्हा लाव!"

काकूंनी पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. सर एका पायावर नाचले. मीसुद्धा टाळी वाजवली, काय करणार, आनंदच तसा झाला होता. मग माझं लक्ष काकूंकडे गेलं.

काकूंचं बोट तसंच हवेत होतं. चेहरा पांढरा पडला होता. त्या हळूच स्टुलावर बसल्या, ताट मांडीवर घेतलं.

"माह्या हातचं कुंकू टिकून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या.

"तेच तर!" सर म्हणाले. "पाण्यानं दुपट्टा टाकला आहे. तेल येते, पाह्यते..."

"तुमच्या नावाचं लावत होती मी." काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दोनदा लावलं, दोनदा गेलं. उन्हाळ्यात तुमाले नागपूरले नेलं तवा मी त्या बाकड्यावर बसून काय काय बोलली देवाले, तुमाले काय माहीत? आन् आज नवमीच्या दिवशी..."

"अवो हे सायन्स आहे. देवाचा याच्यात काही संबंध..."

"तुमचं सायन्स राहू द्या!" काकू एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की आवाज पार ऑफिसपर्यंत गेला. "नाचून राह्यले! कुंकू घसरलं म्हून नाचून राह्यले!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मी स्वतः शकुन-अपशकुन मानत नाही, पण फरशीवरच्या त्या लाल गोळ्यावर पाय पडू नये म्हणून मीही मागे सरकले.

मग सरांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

माझ्या ध्यानात यायला जरा उशीर झाला. त्यांनी पडदा दुपट्ट्यात घेतला आणि पुसला. आधी एक बाजू, मग दुसरी. दाबून दाबून, न्हाऊन आलेल्या पोराचं डोकं पुसतात तसा. मी ओरडले, "सर, नका!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागेवर राहिले. त्यांनी पंखा मोठा केला आणि पडदा दोन्ही हातांनी पंख्याखाली धरून उभे राहिले. काकू नाक पुसत होत्या. मी पाहत होते. महिनाभर मुरवलेला, जन्मात एकदा जमलेला तो पडदा डोळ्यांदेखत वाळत गेला, कडेनं पांढरट होत गेला, त्याला बारीक बारीक तडे गेले. पाण्यानं टाकलेला दुपट्टा सरांनी स्वतःच्या दुपट्ट्यानं उचलला.

"हां," ते म्हणाले. "आता लाव. मघाशी ओला होता, म्हून तसं झालं."

काकूंनी भीत भीत बोट टेकवलं. कुंकू टिकलं. तेल आत शोषलं गेलं, लाल रेघ ठसठशीत उमटली. काकूंनी स्वस्तिक पुरं केलं, चार टिंबं दिली, अक्षता टाकल्या, सरांना ओवाळलं. त्यांचा चेहरा परत माणसात आला. मला पेढा देताना म्हणाल्या, "पाह्य व माय, उगीच जीव घाबरा झाला माहा." आणि ताट घेऊन निघून गेल्या, कॉलेजच्या पुढच्या दारानं.

त्या गेल्यावर मी सरांवर भडकले. "सर, काहून केलं असं? परवा समिती आहे!"

"तिचा बीपी वाढते," सर म्हणाले.

मी म्हटलं, अजून उशीर झाला नाही, आत्ताच्या आत्ता धुते, तेल काढायचं रसायन आहे आपल्याजवळ, थोडं तरी वाचेल. मी पडदा उचलला, बाटलीचं झाकण काढलं. सरांनी माझा हात धरला. देवळासमोरून जाताना चप्पलसुद्धा न काढणारा हा माणूस मला म्हणाला, "पोरी, कुंकू पुसते काय?" मी बाटली खाली ठेवली.

समिती आली. तिघेजण, तिघांच्या शर्टाच्या खिशात आपट्याचं पान. सरांनी ड्रम दाखवला, "हा अरबी," म्हणाले. समितीचे अध्यक्ष चमकून खिडकीबाहेर पाहायला लागले. पंप सुरू झाला. कुंकवाचं स्वस्तिक काढलेल्या पडद्यातून पाणी आलं, आधी धार, मग थेंब, आणि त्यांचा चहा संपायच्या आत तेही थांबलं. पडदा बसला. ढाब्याची तर्री कुंकवाच्या रेघांवर येऊन अशी बसली जणू तिचंच आरक्षण होतं.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सर, हे लाल काय आहे?"

"फाउलिंग," सर म्हणाले.

"पण तुमच्या पडद्यावर फाउलिंग होत नाही असं तुम्ही लिहिलंय."

"होत नाही. हे मी होऊ दिलं."

तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. मी उठून उभी राहिले, सगळं सांगून टाकणार होते, नवमीपर्यंत हा पडदा कसा चालत होता, कोणी पाहिलं, कोणाच्या साक्षीनं. सर माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांले अजून चहा सांगा." मी चहा सांगायला गेले. चहावाल्याशी विनाकारण भांडले.

खोली गेली. तिथं आता सतरंज्या आहेत आणि भिंतीवर श्वास घ्या, श्वास सोडा असं लिहिलेलं आहे. ड्रम काढला त्या दिवशी त्यातला समुद्र कॉलेजच्या मागच्या नालीत ओतला, तिथं अजून गवत उगवत नाही. काकूंना सरांनी एवढंच सांगितलं, की समितीला पडदा आवडला, पण योगा जास्त गरजेचा आहे म्हणाले. काकूंनी समितीला चार शिव्या घातल्या आणि मागच्या अंगणातली कपडे धुवायची जागा ड्रमाला रिकामी करून दिली. ढाबेवाल्याला ह्या बदलीची खबर लागली. आता तो तर्री घरपोच पाठवतो, बुंदीसकट.

परवाच्या नवमीला मी त्यांच्याकडे गेले होते. अंगणात कूलरचा पंप घरघरत होता. ट्रेमध्ये ओले पडदे होते, बरे होते, पण त्यातला एकही त्या पडद्याच्या जवळपास जाणारा नव्हता, हे सरांनीच सांगितलं. आणि कपड्यांच्या दोरीवर, सरांच्या बनियनच्या बाजूला, दोन चिमट्यांना एक कोरा पडदा टांगलेला. पार खडखडीत वाळलेला. माझं रक्त उसळलं. "सर, हा कोणी वाळवला? ह्याचं तर वाटोळं झालं!"

"हळू बोल," सर म्हणाले. "तो मीच काल टांगला. तिचा आहे तो."

"म्हणजे?"

त्यांनी मला मागच्या खोलीच्या भिंतीकडे वळवलं. भिंतीवर पडदे टांगले होते, दर नवमीचा एक. प्रत्येकावर काकूंच्या हातचं स्वस्तिक. पहिलं ते समितीसमोर बसलेलं, तर्रीनं काळपट पडलेलं, पण लाल अजून लालच. सर त्याच्यावरून अंगठा फिरवून मला दाखवायला लागले. अंगठ्याला काही लागलं नाही. "पाह्य. पाण्यानं जात नाही, घासून जात नाही. जन्मभर फाउलिंगशी भांडलो पोरी, पण असं चिवट नाही पाह्यलं."

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. सरांनी दोरीवरचा पडदा काढून दोन्ही हातांनी पुढं धरला. काकूंनी स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या आणि पेढे आणायला आत गेल्या. मग दर वर्षी विचारत असतील तसं त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "टिकलं का हो?"

आणि सर ओरडले, असे ओरडले की रस्त्यानं जाणारा सायकलवाला दचकून थांबला.

"टिकलं!"